कडेचं दिसत नाही

कॅप्टन याकूब मुकादम यांच्याकडे एकाच लग्नाच्या पत्रिकांचा भलामोठा गठ्ठा होता. लग्न त्यांच्या मुलीचं. ते होऊन बरीच वर्षं झाली होती, नाझनीन मस्कतला संसार करत होती, तिची मुलं शाळेत जायला लागली होती. पण पत्रिका काही संपत नव्हत्या. जाड, हिरव्या, सोनेरी अक्षरांच्या. म्हसळ्याकडच्या त्यांच्या गावात लग्नाला अख्खं गाव लोटतं, म्हणून बायकोने सढळ हाताने छापून घेतल्या आणि त्या उरल्या. त्यातली एक कायम कॅप्टनच्या शर्टाच्या खिशात असायची. आमच्या स्क्रीनकडे आम्हाला क्षणभर बघू द्यायचे, मग ती पत्रिका स्क्रीनवर आडवी धरायचे आणि विचारायचे, "काय दिसलं?"

आमची कंपनी पावण्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली रबरी वॉशर बनवणारा कारखाना, त्यामुळे आमच्या डब्यातल्या भाजीलाही रबराचा वास यायचा. आम्ही खोटी कॉकपिटं बनवतो. म्हणजे वैमानिक घडवणाऱ्या शाळांसाठी सरावाची कॉकपिटं: खुर्ची खरी, दांडा खरा, समोरच्या स्क्रीन खऱ्या, विमान तेवढं नाही. खिडकीबाहेरचं आभाळ आम्ही भिंतीवर दाखवतो. स्क्रीनवर काय, कुठे, कुठल्या रंगात दिसावं हे ठरवणं माझं काम. त्याआधी मी मिठाईच्या खोक्यांची डिझाइनं करायचे. माझे वडील साताऱ्याहून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडी झालेले, ते लोकांना सांगायचे, "आमची वैशाली विमानं रंगवती." मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

एक दिवस आमचे मालक देशमाने सर एका उंच, सडपातळ गृहस्थांना घेऊन आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्या. "हे कॅप्टन मुकादम. आयुष्यभर विमान उडवलंय. आता रिटायर आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन आपल्या स्क्रीन तपासतील." मी नमस्कार केला, तर कॅप्टननी नुसती नजर न वळवता अख्खा चेहरा, जवळजवळ खांद्यासकट, माझ्याकडे वळवला. मला वाटलं, काय हा रुबाब! साहेबी सवय असणार.

मी माझी सगळ्यात देखणी स्क्रीन उघडली. त्यांनी ती पाहिली, मला पाहू दिली आणि पत्रिका आडवी धरली.

"काय दिसलं?"

"मला विचारताय?"

"चित्र तू काढलंस ना? सांग, उंची किती होती?"

मला सांगता येईना. स्क्रीनवर नेमकं काय आहे हे मला पाठ होतं, पण आत्ता काय दिसलं ते आठवेना.

"तू एसीत बसलीयस, टेन्शन काय नाय, तरी तुला नाही दिसलं. ज्याच्या कपाळावर घाम आहे त्याला काय दिसेल?" मग पत्रिकेच्या टोकाने त्यांनी एक एक लाल चौकट दाखवली. "हा लाल कशाला? हा कशाला? आग लागली तर मग कुठला रंग आणणार तू? तुमी घाटावरची माणसं. जेवणात पण तिखट, स्क्रीनवर पण तिखट."

मी चिडले. घरी जाऊन आईपुढे त्यांची नक्कलही केली. पण दुसऱ्या दिवशी येऊन लाल रंग काढून टाकला, हेही खरं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाच अशी होती. समजावून सांगण्याच्या भानगडीत पडायचे नाहीत, माणसाला तिथे नेऊन उभं करायचे. गोल तबकडी जुनाट दिसते, सरळ आकडाच दाखवू, असं मी एकदा म्हटलं. ते मला देशमाने सरांच्या केबिनमध्ये घेऊन गेले. सर फोनवर बोलत होते. कॅप्टननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि लगेच मला पाठमोरं केलं.

"किती वाजले?"

"साडेअकरा व्हायला आले."

"आकडे वाचलेस?"

"नाही."

"बघ. काटा दिसतो, आकडा वाचावा लागतो. आणि नुसता आकडा असला की वेग घसरतोय का हे कळायला तो परत वाचावा लागतो. उतरताना तेवढी फुरसत कोणाकडे आहे?"

रागावलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं. आमचा सुहास, सगळी प्रोग्रामिंग करणारा, शिरवण्याचा आगरी पोरगा, हुशार आणि तोंडाळ. त्याच्या प्रोग्राममध्ये मागून येणारी माहिती तुटली की स्क्रीन शेवटचा आकडा तसाच धरून बसायची. कॅप्टन खोटं विमान उडवत होते आणि उंचीचा आकडा कधीचा मेलेला होता. ते लक्षात आल्यावर दांडा सोडून ते उभेच राहिले.

"हे चालणार नाही. बंद पडलं तर चालेल. पण चालू असल्याचं सोंग? अरे, आमच्या जुन्या तबकड्यांत यंत्र मेलं की त्याच्या तोंडावर लाल पट्टी पडायची. मी मेलोय, माझ्यावर भरवसा ठेवू नका. एवढी इमानदारी त्या डबड्यात होती!"

"सॉरी ना कॅप्टन. टाकतो पट्टी," सुहास म्हणाला, आणि स्क्रीनभर लाल फुली येईल अशी सोय त्याने केली. कॅप्टनचा राग तेवढ्यावर उतरला. त्या दिवशी चहा त्यांनीच सगळ्यांना ओतून दिला. थोडा बशीबाहेर सांडला, टेबलावर ओघळ आला, आणि तो त्यांनी पुसला नाही याचं मला जरा नवल वाटलं. इतका टापटिपीचा माणूस.

चहाचीही त्यांची एक रीत होती. सराव संपला की सगळ्यांनी लांब टेबलाशी बसायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. नियम एकच, आपली चूक पहिली. दुसऱ्याची नंतर, वेळ उरला तर. सुरुवात ते स्वतः करायचे: "आज मी उंची बघत बसलो, वेग विसरलो." आम्हाला हे सुरुवातीला फार जड गेलं. सुहासला तर स्वतःची चूक सापडायचीच नाही. पण हळूहळू सवय झाली, आणि एका शुक्रवारी खुद्द देशमाने सर म्हणाले, "मी मघाशी उगाच ओरडलो." आम्ही सगळे चहाचा कप तोंडाशी धरून थिजलो. कॅप्टन फक्त म्हणाले, "नोटेड."

टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यांची. तिथून सगळे समोर दिसतात म्हणायचे. एरवी कॉरिडॉरमध्ये कोणी बाजूने गेलं, गुड मॉर्निंग म्हणालं, तर त्यांचं लक्ष नसायचं. सुहासला ते लागायचं. "आपन मान द्यायचा आनि यांनी बघायचं पन नाय. भाव खातो यार कॅप्टन," तो म्हणायचा. मी म्हणायचे, वय झालंय, ऐकू कमी येत असेल.

एका शुक्रवारी पावसाने रिक्षा बंद होत्या म्हणून देशमाने सरांनी मला गाडी घेऊन त्यांना आणायला बेलापूरला पाठवलं. खाडीच्या बाजूच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, खोल्या नीटनेटक्या आणि शांत. ओट्यावर साखर, चहा, गाळणं, कप अशा ओळीने की डोळे मिटून चहा करावा. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा फोटो. चेहरा हसरा, जरा थकलेला. त्या जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली असावीत.

"हार्ट," मी फोटोकडे बघत होते म्हणून ते म्हणाले. "कधी बोलली नाही. विचारलं की ठीक म्हणायची. शेवटच्या दिवसापर्यंत सगळे काटे ठीक."

निघताना ते दारात थांबले आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, "गॅस?"

मग थोडं थांबले. ओट्याशी जाऊन बघून आले.

"गिझर?"

पुन्हा तसंच थांबले. पुन्हा जाऊन आले.

मला वाटलं आत कोणी तरी आहे, बेडरूममध्ये असेल. "आत कोण आहे, कॅप्टन?"

"कोणी नाही." ते जरासे ओशाळले. "कॉकपिटमध्ये दोघं असतात. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं. घरी पण आमची तीच सिस्टिम होती. मी दारातून ओरडायचो, ती आतून सांगायची. बंद, बंद, कडी लावली. वैतागून सांगायची, पण सांगायची."

"मग आता विचारता कशाला?"

"विचारायचं सोडलं तर बघायचं पण सुटेल." त्यांनी चपला चढवल्या. उत्तरासाठी ते जेवढा वेळ थांबत होते, तेवढा वेळ त्या घरात उभं राहणं फार कठीण होतं.

गाडीत नाझनीनचा फोन आला. ती त्यांना मस्कतला येऊन राहा म्हणून मागे लागली होती, एकटे कसले राहता म्हणून रडत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता. कॅप्टन शांतपणे म्हणाले, "बेटा, येईन ना. पण आत्ता कसा येऊ? माझ्याशिवाय इथे काम अडतं." फोन ठेवून त्यांनी खिशातली पत्रिका चाचपून पाहिली. मंगळवार आणि शुक्रवार एवढेच दिवस त्यांना इस्त्रीचा शर्ट लागत होता, हे मला तेव्हा कळलं.

आणि खरंच अडायचं. त्यांच्या हो म्हणण्याशिवाय आमची एकही स्क्रीन बाहेर जात नसे. नव्या कॉकपिटच्या वेळी तर ते फार बारकाईने बघत होते. इंजिनाची माहिती आणि इशाऱ्याचे पिवळे दिवे आम्ही उजव्या कडेला ठेवले होते. त्यांनी दोनतीनदा उडवून पाहिलं आणि म्हणाले, "कडेचं दिसत नाही. आत घ्या." आम्ही आत घेतलं. पुढच्या वेळी पुन्हा, "अजून आत." मग डावीकडची पट्टीही आत आली. एक एक करत सगळं मध्ये गोळा झालं. तेच एकदा म्हणाले होते की मधली जागा मोकळी ठेवा, क्षितिजाची रेघ झाकू नका. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "मोकळी ठेव, पण न दिसणाऱ्या जागी ठेवून काय उपयोग?" सुहास कुरकुरला, "मला तर दिसतंय कडेचं." पण कॅप्टनपुढे त्याचं कोण ऐकणार? आम्ही तशीच स्क्रीन वैमानिकांच्या शाळेत पाठवली.

काही आठवड्यांनी त्या शाळेचा निरोप आला. पोरं स्क्रीनमध्येच डोकं घालून बसतात, खिडकीबाहेर बघतच नाहीत. भिंतीवर समोरून दुसरं विमान येतंय आणि यांना पत्ता नाही. सगळं मध्ये असल्यामुळे नजर मध्येच अडकून राहते. कॉकपिटमध्ये बसलेल्याला आजूबाजूचं भान राहावं म्हणून स्क्रीन असते, आणि आमची स्क्रीन ते भानच काढून घेत होती.

देशमाने सरांनी जुनी मांडणी पुन्हा लावायला सांगितली, कडेच्या दिव्यांसकट. आपणच बसून बघू म्हणाले. आधी सुहास बसला. सरळ समोर बघत उडवत होता, कडेला पिवळा दिवा लागला तसा लगेच म्हणाला, "लागली." मग मी बसले. मी काही वैमानिक नव्हे, पण मलाही तो लागल्याबरोबर जाणवला. मग कॅप्टन.

ते फार सुरेख उडवायचे. दांड्यावर बोटं नुसती टेकलेली. दिवा लागला. ते समोर बघत राहिले. दिवा जळत होता, विमान अगदी सरळ रेषेत चाललं होतं. सुहासने माझ्याकडे पाहिलं. देशमाने सर खाकरले.

"टेस्ट अजून चालू नाही केली का?" कॅप्टननी विचारलं.

शेवटी सुहास, नेहमीचा तोंडाळ सुहास, अगदी हळू म्हणाला, "केली सर. लाइट लागलीय."

त्यांनी अख्खा चेहरा उजवीकडे वळवला. तो दिवा पाहिला. "कधीपासून?"

"मगाशीच."

त्यांनी दांडा सोडला. मग खिशातून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. "वैशाली, ही माझ्या डोळ्यासमोर धर. मी समोरच बघतो. तू हळूहळू बाजूला ने. दिसायची बंद झाली की सांगतो."

मी पत्रिका उजवीकडे सरकवू लागले. ती अजून त्यांच्या खांद्याच्या रेषेपर्यंतही गेली नव्हती, तोच ते म्हणाले, "गेली." डावीकडे तर त्याहून लवकर गेली. मला वाटलं मीच चुकीची धरतेय, म्हणून सुहासवर करून पाहिलं. त्याला ती पार कानाच्या बाजूला जाईपर्यंत दिसत होती. कॅप्टन हे सगळं बघत होते. मग त्यांनी पत्रिका परत घेतली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, चहा."

नेहमीच्या खुर्चीत बसले. आम्ही समोर. चहाला कोणी हात लावला नाही.

"आपली चूक पहिली," कॅप्टन म्हणाले. "इतके महिने मी तुमाला सांगत होतो, कडेचं दिसत नाही. ते दिसत होतं. मला दिसत नव्हतं. स्क्रीन ओके होती, सुहास ओके होता. खराब यंत्र मी होतो, आणि तुमी माझ्यावर भरवसा ठेवला."

"अहो कॅप्टन, चष्म्याचा नंबर बदलला असेल," सर म्हणाले.

"नाही सर. नंबर बदलला की समोरचं धूसर होतं. हे वेगळं आहे." त्यांनी कपाच्या कानाला बोट लावलं. "गंमत बघा. मला काळं वगैरे काही दिसत नाही. सगळं दिसतंय असंच वाटतं. आत्ता पण वाटतंय. लाल पट्टी पडलीच नाही ना."

सुहास उठून खिडकीपाशी गेला. मला मात्र त्यांचा राग आला, अगदी खरा राग. चष्मा म्हणून वेळ मारून न्यायची होती! शाळेच्या पोरांवर ढकलायचं होतं. आम्ही मुकाट मानलं असतं, आणि मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले असते. आपल्या एका वाक्याने आपण काय घालवतोय हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

नेरूळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर आधी जाते, गुपचूप जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंब घालून सांभाळायची. देशमाने सर स्वतः बेलापूरला जाऊन म्हणाले, स्क्रीन तपासू नका, नुसते येऊन बसा, आम्हाला बोलून दाखवा. कॅप्टननी ऐकून घेतलं. "ज्याचं यंत्र खराब त्याने तपासायचं नाही," ते म्हणाले. "चहाला येईन." दोनदा आलेही. टोकाच्या खुर्चीत बसले. पण सांगण्यासारखी स्वतःची एकही चूक त्यांच्याकडे नव्हती, कारण आता ते काही करतच नव्हते. तिसऱ्यांदा आले नाहीत.

पुढे नाझनीन आली आणि त्यांना मस्कतला घेऊन गेली. मी तेव्हा गावी होते, भेट झाली नाही. फोनवर ते बोलतात, चांगले आहेत म्हणतात. ठीक म्हणतात. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या एका दुपारचं.

नवी स्क्रीन तयार झाली होती. कडेचं पुन्हा कडेला, मध्ये फक्त क्षितिज. मी ती टॅबवर घेऊन बेलापूरला गेले. चहा मीच केला, ओट्यावरच्या त्या ओळीत हात घालून. ते खिडकीपाशी बसले होते. खाडीपलीकडे नवा विमानतळ, विमानं उतरत होती. मी टॅब पुढे केला, त्यांनी हाताने बाजूला सारला.

"तू सांग. काय दिसतंय?"

मी सांगितलं. मधली रेघ, तिच्या वरचा निळा, खालचा तपकिरी, डावीकडे वेगाची तबकडी, कडेला विझलेले दिवे. ते डोळे मिटून ऐकत होते.

"लाल?"

"कुठेच नाही."

"शाब्बास." मग त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. "नाझनीन पुढच्या आठवड्यात येतेय. या वेळी काय सांगू तिला? काम अडतं म्हणायला तोंड नाही."

मी काही तरी पुटपुटले. मस्कत छान आहे, नातवंडं आहेत, असलं काही तरी. त्यांनी मान हलवली. निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला आले. मी बाहेर येऊन लिफ्टपाशी उभी राहिले. लिफ्ट दाराच्या बाजूलाच आहे, हाताच्या अंतरावर. ते समोर जिन्याकडे बघत म्हणाले, "सांभाळून जा, पोरी," आणि हात हलवला, जिन्याला. मी बाजूला आहे हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं. कडी वाजली.

आतून त्यांचा आवाज आला, "दार?"

मग ते थांबले. तेवढंच, नेहमीएवढं.

लिफ्ट आली आणि तिचं दार उघडलं. मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "बंद."

आत काही हललं नाही. लिफ्ट रिकामीच खाली गेली. मला वाटलं मी आगाऊपणा केला, त्यांना दुखावलं, आता गुपचूप जिन्याने उतरून जावं.

"गॅस?" आतून आवाज आला. जरासा चिरकलेला.

गॅस मीच बंद केला होता. "बंद."

"गिझर?"

गिझरचं मला माहीत नव्हतं. मी दाराला हात टेकला.

"बघून या, कॅप्टन," मी म्हटलं. "मी थांबलेय."